घरात एक, शाळेत दुसरी : वयात येणारी मुलं आणि चारचौघांसारखं दिसण्याची धडपड

निळी शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मुलगी चौदा वर्षांची आहे. ती लहान असताना आम्ही देश बदलला, त्यामुळे घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, यात तिला नवल असं काही नाही. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत तर उलट मिरवायची. मैत्रिणी घरी आल्या की त्यांना आपल्या भाषेतले आकडे शिकवायची, त्यांच्याकडून चुकीचे म्हणून घ्यायची आणि सगळ्या मिळून खिदळायच्या.

आता चित्र पार पालटलंय. शाळेच्या फाटकाशी मी घरच्या नावानं हाक मारली की मान खाली घालून तरातरा येते आणि गाडीचं दार लागल्याशिवाय तोंड उघडत नाही. गाडीत मैत्रीण असताना आजीचा फोन आला तर आधी मला स्पीकर बंद करायला लावते. मग फोन कानाला घट्ट धरून, खिडकीकडे तोंड करून इतक्या खालच्या आवाजात बोलते की आजी तिकडून "ऐकू येत नाही गं" म्हणत राहते. आणि घरी पोचल्यावर त्याच आजीशी मोठमोठ्यानं तासभर गप्पा! म्हणजे आजी नकोशी झालेली नाही. लोकांदेखत आजीची नात असणं नकोसं झालंय.

नवरा म्हणतो, वय आहे, जाईल. सासूबाई म्हणतात, पोरगी हातची गेली. मला दोन्ही पटत नाही. नवऱ्याचं ऐकून गप्प बसले आणि ते गेलंच नाही तर? आणि सासूबाईंसारखं मागे लागले तर जे खालच्या आवाजात चाललंय तेही बंद पडेल अशी धास्ती वाटते.

तर किती सोडून द्यायचं आणि कुठे पाय रोवायचे? ज्यांची मुलं या वयातून गेलीत, किंवा जे स्वतः असे दोन जगांत वाढलेत, त्यांनी जरूर लिहा. "संस्कार कमी पडले" छापाच्या प्रतिसादांना उत्तर देणार नाही, हे आधीच सांगते.

जुनं खोड

संस्कारांचं नाव घेऊ नका म्हणालात, नाही घेत. पण आमच्या वेळी हे ओळख शोधण्याचं खूळ नव्हतं. ज्या घरात जन्मलो त्या घरचे, विषय संपला. मुलांना "तुला काय वाटतं, तुला कोण व्हायचंय" असं विचारत बसलं की नसलेले प्रश्न पडायला लागतात. घरात घरचीच भाषा, समारंभाला यायचंच, मोठ्यांना उलट उत्तर नाही, एवढं ठेवा. आज तोंड वाकडं करेल, पुढे मोठी झाली की धन्यवाद देईल.

वाटसरू

खोडकाका, तुमच्या वेळीही होतं हो. फक्त त्याला नाव नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

त्यासाठी देश बदलावा लागतो असंही नाही. मी खेड्यातून मोठ्या शाळेत गेलो, भाषा तीच, फक्त बोली वेगळी. पहिल्याच आठवड्यात फळ्यापाशी उभा राहून एक वाक्य बोललो आणि मागच्या बाकावरून तेच वाक्य माझ्या हेलात परत आलं. गुरुजीसुद्धा गालातल्या गालात हसले. त्यानंतर बरेच दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही, इतरांचं बोलणं नुसतं ऐकत राहिलो. ते शिकून घेतलं तेव्हाच बोललो. माझ्या घरी यातलं कोणाला काही कळलं नाही, कारण घरी मी पूर्वीसारखाच बोलत होतो. तुमच्याही घरी कळलं नसेल, म्हणून "नव्हतं" वाटतं.

पानगळ

धागा वेळेवर आला. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते आणि अशा मुलामुलींशी रोज गाठ पडते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

"ओळखीचा पेच" ही कल्पना ज्यांनी रुजवली ते एरिक एरिक्सन स्वतः अशाच पेचात वाढले होते. जन्म १९०२ चा, फ्रँकफुर्टचा. आई डेन्मार्कची, ज्यू. जन्मदाते वडील कोण हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर. मुलगा उंच, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा. म्हणजे प्रार्थनास्थळात पोरं "हा कुठला आपला" म्हणून चिडवायची आणि शाळेत तोच ज्यू म्हणून चिडवला जायचा. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी आडनावच नवं घेतलं, एरिक्सन. पौगंडावस्थेचं मुख्य काम म्हणजे "मी कोण" याचा माग काढणं, हे त्यांचं म्हणणं निव्वळ पुस्तकी नव्हतं.

त्यावर पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्शा यांनी एक साधी मांडणी केली. मुलाबाबत दोनच गोष्टी बघायच्या : त्यानं स्वतः शोध घेतला आहे का, आणि काही पक्कं केलं आहे का. दोन्ही नाही, दोन्ही आहे, शोध चालू पण पक्कं काही नाही, आणि शोध न घेताच पक्कं, अशा चार अवस्था निघतात. खोडकाकांना जे मूल हवंय ते या शेवटच्या खान्यातलं. सगळं ऐकतं, सगळीकडे येतं, कुठे खुट्ट नाही. नातेवाइकांत त्याचंच कौतुक होतं. माझ्या अनुभवात अशी मुलं शाळा सुटून घराबाहेर पडल्यावर एकदम कोसळताना जास्त दिसतात, कारण जे पाठ केलं ते आपलं आहे का हे त्यांनी कधी तपासलेलंच नसतं. धागाकर्तीची मुलगी सध्या "शोध चालू" या खान्यात आहे. तिथे आवाज होतो, वस्तू आपटतात, पण मला ती कमी काळजीची वाटते.

जीन फिनी यांनी वांशिक-सांस्कृतिक ओळखीबद्दल साधारण हाच क्रम दाखवला. लहानपणी ती नुसती असते, कोणी तपासलेली नसते. मग काहीतरी घडतं, एखादा टोमणा, एखादी हाक, आणि उलथापालथ सुरू होते. आठव्या वर्षी आकडे शिकवणारी मुलगी चौदाव्या वर्षी आवाज खाली आणते ती याच टप्प्यावर.

आणि चौदाव्या वर्षीच का? लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन यांचा २००७ चा अभ्यास आहे. बरोबरीच्यांच्या दबावापुढे टिकून राहण्याची ताकद १४ ते १८ या वर्षांत सातत्याने वाढत जाते, त्याआधी आणि त्यानंतर फारशी हलत नाही. म्हणजे तुमची मुलगी त्या चढाच्या अगदी पायथ्याशी आहे. नवऱ्याचं "जाईल" अगदीच चूक नाही. फक्त ते आपोआप जाणार नाही.

शिवाय या वयात वगळलं जाणं फार लागतं. किप विल्यम्स यांनी संगणकावरचा चेंडू झेलायचा एक खेळ तयार केला. तिघं खेळतायत असं वाटतं, पण दुसरे दोघं खरे नसतातच. थोड्या वेळानं ते एकमेकांकडेच चेंडू टाकत राहतात, तुमच्याकडे येतच नाही. बस, एवढंच. यानं मोठी माणसंसुद्धा खट्टू होतात, आणि २०१० मध्ये मुलींवर झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त घसरलेला दिसला. गंमत अशी की दुसरे दोघं आपल्याला तिटकारा असलेल्या गटाचे आहेत असं आधी सांगितलं तरी वगळलेलं लागतंच. तेव्हा "ज्या मुली अशा वागतात त्यांच्यात जायचंच कशाला" या आपल्या लाडक्या सल्ल्याचा उपयोग का होत नाही ते बघा.

एक दिलासा देते. या वयात आपल्याकडे सगळे बघतायत असं सतत वाटतं. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटलं होतं. २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना एका गायकाचं चित्र असलेला ओशाळवाणा टीशर्ट घालून खोलीभर लोकांत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं जवळपास निम्म्या जणांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात पाव जणांनीही धड ओळखलं नव्हतं. हे मुलांना सांगावं.

बॅकबेंचर

मी इथे नुसता वाचतो, आईचं लॉगिन नाहीये, माझंच आहे, वय सोळा.

पानगळ मॅडम, पाव जण म्हणजे आमच्या वर्गात सात-आठ जण झाले. सात-आठ जण खूप होतात. एकानं ग्रुपवर टाकलं की बाकीच्यांना कळतंच. टीशर्टवाल्या प्रयोगात लोक खोलीतून बाहेर गेले आणि विषय संपला. आमच्याकडे संपत नाही, रात्री साडेअकराला कोणीतरी परत वर काढतं.

काकू, तुमची मुलगी खिडकीकडे तोंड करते ते मीही करतो. लाज वाटते असं नाही. म्हणजे वाटते पण भाषेची नाही. फोन ठेवल्यावर मित्र विचारतो "काय बोललास?" आणि मग सगळं सांगत बसावं लागतं. किंवा तो विचारत नाही, नुसता तसले आवाज काढून दाखवतो आणि मला हसावं लागतं. न हसलं तर "चिडला" म्हणतात. हळू बोलणं सोपं पडतं.

निळी शाई

बॅकबेंचर, मनापासून आभार. "मला हसावं लागतं" हे वाचून थांबले. असंच स्पष्ट लिहीत राहा, इथे कोणी रागावणार नाही.

पानगळताई, चार खान्यांची मांडणी पटली. पण त्या "शोध चालू"च्या काळात भाषाच सुटली तर? शोध संपेपर्यंत परतीची वाटच उरली नाही असं व्हायला नको.

अर्धविराम

मी तुमच्या मुलीच्या जागी होतो, म्हणून लिहितो.

शाळेतला भाग बहुतेकांना ठाऊक असतो. हजेरी चालू असायची. माझ्या आधीचं नाव झालं की बाई थांबायच्या, चष्मा सावरायच्या, कागद जरा जवळ घ्यायच्या. वर्गाला कळायचं आता कोणाचा नंबर. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी हात वर करून "हजर" म्हणायचो. पुढे नावाचं दोन अक्षरी रूप मीच करून दिलं. बाईंना हायसं वाटलं, मलाही. बाई वाईट नव्हत्या, फक्त आणखी एक मिनिट थांबल्या नाहीत.

पण हे ओझं मला पेललं. पेललं नाही ते सुट्टीतलं.

सुट्टीत नातेवाइकांकडे गेलो की दिवाणखान्यात सगळे जमलेले असायचे. कोणी ना कोणी काका मला मधोमध उभं करायचे. "हं, बोलून दाखव बघू आपल्या भाषेत." मी बोलायचो. एखादा शब्द अडायचा, कुठे क्रियापद भलतंच लागायचं, हेल तर वेगळा होताच. हशा पिकायचा. प्रेमानंच हसायचे, ते मला तेव्हाही कळत होतं. एक मावशी ते वाक्य लक्षात ठेवून आत जायची आणि आतल्या बायकांना माझ्या हेलात म्हणून दाखवायची. मग आतूनही हशा यायचा. मी बाहेर उभा राहून दोन्हीकडचं ऐकत असायचो.

मग मी त्यांच्याशी बाहेरच्या भाषेत बोलायला लागलो. तेच लोक आईला म्हणाले, "विसरला बघ हा सगळं." मी एक शब्दही विसरलो नव्हतो. बोलायचं बंद केलं होतं.

वाटसरूंना मागच्या बाकावरून जे ऐकू आलं तेच मला दिवाणखान्यातून ऐकू आलं, एवढाच फरक. आणि वर एरिक्सनबद्दल जे लिहिलंय, की प्रार्थनास्थळातही चिडवत आणि शाळेतही, त्यातल्या शाळेबद्दल सगळे बोलतात. आईवडील काळजीनं विचारतात, "शाळेत कोणी त्रास देतं का रे?" घरी कोणी त्रास देतं का, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. शाळेत चारचौघांसारखं दिसायचं दडपण असतंच, पण घरीही एक परीक्षा असते : तू अजून पुरेसा आमचा आहेस ना? शाळेत निदान मधली सुट्टी तरी व्हायची.

भाषा सुटण्याबद्दल विचारलंत. माझी जी काही उरली ती एका आत्यामुळे. तिनं मला कधी दुरुस्त केलं नाही, कधी बोलून दाखवायला लावलं नाही. मी कसाबसा काही म्हणालो की ती त्या म्हणण्याला उत्तर द्यायची, त्याच वाक्यात बरोबर शब्द सहज येऊन जायचा आणि गप्पा पुढे जायच्या. तिच्याशी बोलताना मी बोलतोय याकडे माझं लक्षच नसायचं.

जुनं खोड

अर्धविराम, घरच्यांनी चार शब्द थट्टेत घेतले तर एवढं मनाला लावून घ्यायचं? आमची तर उठताबसता थट्टा व्हायची. घरची माणसं आहेत, परकी नाहीत.

अर्धविराम

म्हणूनच लागतं ना काका. परक्यानं हसावं हे गृहीत असतं. आणि तुमची थट्टा झाली तेव्हा तुम्ही घरचेच आहात याबद्दल कोणाला शंका नव्हती. उंचीवरून चिडवलं, खोड्यांवरून चिडवलं, ठीक. माझी थट्टा होती ती नेमकी "हा आपला राहिलाय का" यावरून. दोन्हीत फरक आहे.

कुंपणावरची

+१. आमच्याकडे उलटी तऱ्हा. घरातली तरुण मंडळीच धाकट्यांना "तू कसला आपला, तुला तर काहीच येत नाही" म्हणून ऐकवतात. मोठ्यांपेक्षा ते जास्त झोंबतं असं पाहिलंय.

(अवांतर : बॅकबेंचरचं लिखाण बघता ज्यांना "हल्लीच्या मुलांना भाषा येत नाही" वाटतं त्यांनी इथे डोकवावं.)

आकडेमोड

पानगळ, अभ्यास रोचक आहेत. पण पुढचं कोणी लिहायच्या आत एक खोट काढून ठेवतो. हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "दोन्ही संस्कृती जपणारी मुलं सगळ्यात सुखी असतात." आणि मग आईबाप दोन्हीच्या मागे लागतात.

या वाक्यामागचा गाजलेला अभ्यास २००६ चा. जॉन बेरी, जीन फिनी, डेव्हिड सॅम आणि पॉल वेडर यांनी १३ देशांतल्या, १३ ते १८ वयाच्या, स्थलांतरित घरांतल्या ५ हजारांहून जास्त मुलांची पाहणी केली. चार गट पडले. दोन्हीकडे पाय असलेली मुलं सुमारे ३६ टक्के. घरच्या संस्कृतीत रमलेली २२-२३ टक्के, नव्या देशात मिसळून गेलेली १९ च्या आसपास, आणि कुठेच धड नसलेली २२ टक्के. पहिला गट एकंदरीत उजवा, शेवटच्याची अवस्था बिकट. इथवर ठीक.

पण ती एका वेळची पाहणी आहे. दोन्ही जपल्यामुळे मूल बरं असतं, की मुळात बरं असलेल्या, लोकांनी आपलं म्हटलेल्या मुलाला दोन्ही जपणं परवडतं? बिएर्व्हियाचोनेक आणि कुन्स्ट यांनी २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हेच तपासलं. संबंध निघाला तोही तोकडा. आणि जिथे त्याच माणसांना काही काळानं पुन्हा तपासलं होतं ते अभ्यास वेगळे काढल्यावर जवळपास काहीच उरलं नाही.

याचा अर्थ घरची भाषा सोडा असा नाही. अर्थ एवढाच की तिच्या आनंदाची गुरुकिल्ली म्हणून तिच्या माथी मारू नका. शाळेचा एक ताण, घरचा दुसरा, त्यात "दोन्ही छान जमलंच पाहिजे" हा तिसरा कशाला?

पानगळ

आकडेमोड, तिसरा ताण हे अगदी बरोबर. तशी मुलंही येतात माझ्याकडे. इकडे पहिला नंबर, तिकडच्या समारंभात नाच, दोन्ही भाषा अस्खलित, आणि रात्री झोप नाही.

एक मात्र जोडते. कोणता गट निवडायचा हे मूल एकटं ठरवत नाही, असं खुद्द बेरीही मांडत आले आहेत. समाजानं दार उघडं ठेवलं तरच दोन्हीकडे पाय ठेवता येतो. भेदभाव जास्त जाणवणाऱ्या मुलांची अवस्था जास्त वाईट, हेही त्याच २००६ च्या अभ्यासात आहे. म्हणून सगळा भार मुलीवर आणि तिच्या आईवर टाकून चालणार नाही. हजेरीच्या कागदाशी अडणाऱ्या बाईंचंही काही काम आहे.

शाळेनं काय करावं याचं एक उदाहरण. आद्रियाना उमान्या-टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ सत्रांचा एक उपक्रम शाळेत राबवून पाहिला, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलं घरच्यांच्या मुलाखती घेतात, घराण्याची झाडं काढतात, कोणाच्या वाट्याला कधी काय भेदभाव आला ते बोलतात. मला आवडलेली गोष्ट अशी की वर्गातली सगळीच मुलं यात असतात, बहुसंख्याक गटातलीसुद्धा. एकट्या "वेगळ्या" मुलाला पुढे बोलावून "तुमच्याकडे काय करतात सांग" हा प्रकार नाही. तो प्रकार म्हणजे अर्धविराम यांचा दिवाणखानाच, फक्त शाळेत मांडलेला. उपक्रमातल्या मुलांचा शोध वाढला आणि पुढे स्वतःबद्दलची स्पष्टताही.

आणि जुनं खोड, संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारात शिक्षणाबद्दलचं २९ वं कलम आहे. मुलाच्या मनात आईवडिलांबद्दल, स्वतःच्या सांस्कृतिक ओळखीबद्दल, भाषेबद्दल आदर रुजावा, तसाच तो राहतो त्या देशाच्या आणि मूळ देशाच्या मूल्यांबद्दलही, असं एकाच वाक्यात लिहिलंय.

जुनं खोड

आता संयुक्त राष्ट्रसंघाला विचारून पोरं वाढवायची का? (हलकेच घ्या.)

माझा मुद्दा निसटू देऊ नका. तुम्ही शोध शोध म्हणता, पण शोधायला काही हातात तरी हवं ना? ज्या घरात "तुला हवं ते कर, आमचं काही म्हणणं नाही" एवढंच चालतं, तिथे ते मूल तपासणार काय आणि नाकारणार काय? आधी द्यावं लागतं, मग त्यानं ठेवावं नाहीतर फेकावं. बोलून दाखवायला लावू नये, हे मान्य. पण आपण आपलं बोलणं बंद करू नये.

पानगळ

हे मात्र शंभर टक्के. घरच्यांनी आपली भाषा, आपल्या सवयी, आपलं वागणं तसंच चालू ठेवावं. मुलानं उत्तर बाहेरच्या भाषेत दिलं तरी आपण आपल्याच भाषेत बोलत राहावं. त्याला समजत असतं, आणि समजणं टिकलं की बोलणं पुढे पुन्हा उभं राहू शकतं. फक्त त्यानं कोणत्या भाषेत उत्तर दिलं याची नोंदवही ठेवू नये.

वाटसरू

खोडकाकांशी पहिल्यांदाच सहमत. तारीख लिहून ठेवतो.

निळी शाई

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला. पूर्ण समाधान झालंय असं म्हणणार नाही. "समजणं टिकलं की बोलणं उभं राहू शकतं" यातल्या त्या "शकतं"वर माझा जीव अडकलाय. आईला खात्री हवी असते, आकडेमोड ती देणार नाहीत हे दिसतंच आहे.

फाटकाशी घरच्या नावानं हाक मारणं मी परवापासून थांबवलं. हात हलवते फक्त. ती काही बोलली नाही, पण मान वर होती. फोनचंही तिच्यावर सोडलंय. आजीला सांगितलं, गाडीत असेल तर दोन मिनिटांत ठेव, घरी पोचली की ती करेल. आजीला वाईट वाटलं. ते मी घेते माझ्यावर, मुलीवर नको.

अर्धविराम यांचं वाचल्यावर सासूबाईंशीही बोलले. "बोलून दाखव" आमच्याकडेही चालतं, इतकं रोजचं की कोणाच्या लक्षात येत नाही. त्या म्हणाल्या, कौतुकानं म्हणतो गं आम्ही. खरंच कौतुकानंच म्हणतात. तरी बंद करा म्हटलं.

आता पुढचं. महिन्याअखेरीस कुटुंबाचा मोठा समारंभ आहे, सगळे नातेवाईक येणार, पारंपरिक कपडे वगैरे. ती यायला तयार आहे, पण त्या कपड्यांत नको म्हणते, कारण फोटो टाकले जातात आणि शाळेतल्यांना दिसतात. खोडकाका काय म्हणतील माहीत आहे. बॅकबेंचर, तुला काय वाटतं?

जुनं खोड

कपडे घालायचे. फोटो टाकायचे नाहीत.

बॅकबेंचर

काका बरोबर बोलतायत, फोटोचाच प्रॉब्लेम आहे. मला कपड्यांचं काही वाटत नाही, माझ्या मते तिलाही नसेल. पण कोणी न विचारता टॅग करतं आणि मग ते आमच्या हातात राहत नाही.

तुम्ही आधीच सगळ्यांना मेसेज करा की मुलांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. सगळ्या मुलांचे म्हणा, तिचं एकटीचं नाव घेऊ नका, नाहीतर तिथे सगळे तिलाच विचारतील काय झालं म्हणून. आणि हे तुम्ही केलंय हे तिला आधी सांगा, मग कपड्यांचं विचारा. तरी नको म्हणाली तर त्या दिवशी तरी का ते विचारू नका.

आणि एक मावशी आत जाऊन नक्कल करणारी असतेच प्रत्येकाकडे. तुमच्याकडची कोण आहे ते तिला विचारा, तिला माहीत असेल.